अनोळखी गिऱ्हाईक आणि विश्वासाचा व्यवहार

छत्रपती संभाजीनगर, म्हणजेच पूर्वीचे औरंगाबाद, या शहरातील छावणीचा गुरुवारचा आणि जाफर गेटचा रविवारचा आठवडी बाजार मराठवाड्यातील जनतेच्या चांगल्या परिचयाचा आहे. अशा बाजारात विकणारा आणि घेणारा हे बहुधा एकमेकांना अनोळखी असतात. गुरांच्या बाजाराचेच उदाहरण घ्या. पैठणकडचा शेतकरी बैल विकावयास आणतो आणि कन्नडकडचा शेतकरी तो विकत घेतो. दोघांची यापूर्वी कधी भेट झालेली नसते व पुढेही होईलच असे नाही. तरीही हजारो रुपयांचा व्यवहार दुपार टळण्यापूर्वी पुरा होतो.

हा विश्वास येतो कोठून? घेणारा बैलाचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो. रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरतो, दलाल मध्ये असतो, भोवती चार माणसे उभी असतात. इसार दिला जातो, पैसे मोजून घेतले जातात आणि बाजार समितीची पावती फाडली जाते. पैसे हातात पडल्याशिवाय दावे सुटत नाही. विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या स्वभावाची परीक्षा घेतलेली नसते. त्याने विश्वास टाकलेला असतो तो बाजाराच्या रीतीवर.

आज घरातील मौल्यवान वस्तू विकण्यासाठी अनेक कुटुंबे मोबाईलवरील बाजाराचा आश्रय घेतात. दागिना, पैठणी, कॅमेरा, दुचाकी किंवा संगणक यांचे छायाचित्र व किंमत प्रसिद्ध केली की काही मिनिटांत दूरध्वनी येऊ लागतात. मध्यस्थाची दलाली वाचते, दूरचे गिऱ्हाईक मिळते आणि अडगळीत पडलेल्या वस्तूला मोल येते, हे या बाजाराचे लाभ नाकारता येणार नाहीत. तथापि, आठवडी बाजारातील पाहणी, साक्षीदार, पावती आणि हातात पैसे या चारही गोष्टी येथे आपोआप मिळत नाहीत. त्या विकणाऱ्याने स्वतः उभ्या कराव्या लागतात. त्या उभ्या न करता केवळ समोरच्याच्या गोड बोलण्यावर भिस्त ठेवली की फसवणुकीस वाव मिळतो.

विकणाराही फसतो

फसवणूक व्हायची ती घेणाऱ्याची, विकणाऱ्याला कसली भीती, असा एक सर्वसाधारण समज आहे. वस्तू आपल्या घरात आहे आणि पैसे यावयाचे आहेत, तेव्हा आपले नुकसान होणारच नाही, असे विकणाऱ्यास वाटते. फसवणारा नेमका याच निश्चिंतपणाचा फायदा घेतो.

समजा, सिडको भागातील एका सेवानिवृत्त शिक्षिकेने हातमागाची पैठणी विकण्यासाठी जाहिरात दिली. नातीच्या महाविद्यालयाचे शुल्क आठ दिवसांत भरावयाचे आहे. एका गृहस्थाचा दूरध्वनी येतो. तो पैठणीचा पदर, जर किंवा वीण यांविषयी काहीही विचारीत नाही. सांगितलेली किंमत तो घासाघीस न करता मान्य करतो. आपण लष्करात असून बदली झाली आहे, पैठणी न्यायला आपला माणूस येईल, पैसे मात्र आताच पाठवतो, असे तो सांगतो. शहरात छावणी असल्यामुळे हे सांगणे खरेही वाटते. मग तो मोबाईलवर एक क्यूआर कोड पाठवतो आणि तो स्कॅन करून पिन टाकला की पैसे जमा होतील, असे समजावतो. शिक्षिका तसे करतात आणि त्यांच्याच खात्यातून रक्कम निघून जाते. चूक झाली, ती दुरुस्त करू, असे म्हणून तो दुसरा कोड पाठवतो आणि पहिल्या रकमेच्या आशेने दुसरीही जाते.

ही युक्ती एखाद्या कल्पक चोराची नसून तिचा साचा ठरलेला आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये ‘बी अवेअर’ या नावाची पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत वित्तीय फसवणुकीच्या पद्धती दिल्या असून ऑनलाइन विक्रीच्या निमित्ताने होणाऱ्या फसवणुकीचाही त्यांत समावेश आहे.

या ठिकाणी यूपीआय व्यवस्थेचे कार्य समजून घेणे अगत्याचे आहे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ही व्यवस्था २०१६ मध्ये सुरू केली. तीत पिन हा खातेदाराच्या सहीसारखा आहे. पैसे देताना तो लागतो आणि आपल्या खात्यातील शिल्लक पाहताना लागतो. पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. त्याचप्रमाणे दुसऱ्याचा क्यूआर कोड आपण स्कॅन करणे म्हणजे त्याला पैसे देण्यास आरंभ करणे होय. पैसे घ्यावयाचे असतील तर आपला कोड समोरच्याने स्कॅन करावयाचा असतो. जो घेणारा विकणाऱ्याला कोड स्कॅन करावयास सांगतो, तो वस्तू घेण्यासाठी आलेला नाही, हे निश्चित समजावे.

मागणीची विनंती पाठवून पैसे उकळण्याचा प्रकारही पूर्वी फार चाले. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयवरून अशी विनंती पाठविण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. एक दार त्यामुळे बंद झाले, परंतु बाकीची उघडी आहेत. बँकेसारखा भासणारा खोटा संदेश पाठवून पैसे जमा झाल्याचे दाखविणे, भरणा झाल्याचे बनावट चित्र पाठविणे, चुकून जास्त रक्कम गेली म्हणून फरक परत मागणे, वाहतूक खर्चाच्या नावाखाली विकणाऱ्याकडूनच आगाऊ रक्कम घेणे, दुरून मोबाईलचा पडदा पाहता येईल असे ॲप बसवावयास लावणे, असे हे प्रकार आहेत. कित्येकदा विश्वास बसावा म्हणून फसवणारा आरंभी ५ किंवा १० रुपये खरोखरच पाठवतो. ते आमिष असते. गळाला लावलेला दाणाही खराच असतो.

ओळखपत्राने काय सिद्ध होते?

अशा वेळी सुशिक्षित माणूसही म्हणतो की, मी त्याचे ओळखपत्र मागवून घेतले होते. ओळखपत्राचे चित्र पाहिल्यावर मन निर्धास्त होते, हे स्वाभाविक आहे. परंतु त्या चित्रावरून फार तर त्या नावाचा माणूस अस्तित्वात आहे एवढेच समजते. बोलणारा तोच आहे, हे त्यावरून समजत नाही.

हा भेद मोबाईलच्या जन्मापूर्वीचा आहे. इंग्लंडमधील अपील न्यायालयापुढे आलेले दोन खटले या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. पहिल्याचा निकाल १९६० मध्ये लागला. बोर्नमथ येथील वृद्ध बहिणींनी आपली मोटार विकण्यासाठी जाहिरात दिली होती. आलेल्या इसमाने धनादेश पुढे केला तेव्हा त्यांनी तो घेण्यास नकार दिला. त्याने एका प्रतिष्ठित गृहस्थाचे नाव व पत्ता आपला म्हणून सांगितला. एका बहिणीने टपाल कचेरीत जाऊन नोंदवही पाहिली. त्या नावाचा माणूस त्या पत्त्यावर खरोखरच राहत होता. त्यांनी मोटार दिली आणि धनादेश वटला नाही. नाव खरे होते, ते सांगणारा खोटा होता.

दुसरा खटला १९७१ मधील. ब्रिस्टल येथील एका विद्यार्थ्याने ४५० पौंडांना मोटार विकण्याची जाहिरात दिली. आलेल्या इसमाने आपण रॉबिन हूडच्या मालिकेतील प्रसिद्ध नट असल्याचे सांगितले. धनादेश वटेपर्यंत थांबावे, असे त्या विद्यार्थ्याने सुचविले होते. परंतु त्या इसमाने चित्रपट निर्मितिगृहाचे छायाचित्रासह प्रवेशपत्र दाखविले आणि विद्यार्थ्याचा निश्चय डळमळला. त्याने मोटार व तिची कागदपत्रे दिली. धनादेश चोरीच्या पुस्तिकेतील निघाला. तोपर्यंत ठकाने मोटार २०० पौंडांना तिसऱ्याच माणसाला विकली होती. थांबण्याचा त्या विद्यार्थ्याचा पहिला विचार बरोबर होता. प्रवेशपत्रापुढे तो टिकला नाही, एवढेच.

वस्तू हातची गेल्यावर

या दोन खटल्यांचे निकाल मात्र वेगळे लागले. पहिल्यात बहिणींना न्याय मिळाला. दुसऱ्यात मोटार मूळ मालकाला परत मिळाली नाही, कारण तिसऱ्या माणसाने ती प्रामाणिकपणे विकत घेतली होती.

आपल्याकडील कायद्याची बाजूही विकणाऱ्याने जाणून घ्यावी. चोरीच्या मालावर विकत घेणाऱ्याला सामान्यतः मालकी मिळत नाही. परंतु फसवून घेतलेल्या मालाची गोष्ट निराळी आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १९ नुसार फसवणुकीने झालेला करार फसलेल्या पक्षाच्या इच्छेने रद्द करता येतो. मात्र तो रद्द होण्यापूर्वीच ठकाने माल दुसऱ्याला विकला आणि त्या दुसऱ्याने तो सद्‌भावनेने, दोषाची कल्पना नसताना घेतला, तर मालविक्री कायदा, १९३० च्या कलम २९ प्रमाणे त्याला चांगली मालकी मिळते. याचा अर्थ असा की, स्वखुशीने हातची सोडलेली वस्तू ठक सापडला तरी परत मिळेलच, अशी खात्री देता येत नाही. म्हणून पैसे आणि वस्तू यांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. गुरांच्या बाजारात दावे शेवटी सुटते, ते यासाठीच.

विश्वासाच्या कसोट्या

मग अनोळखी माणसाशी व्यवहारच करू नये काय? असे म्हणणे योग्य होणार नाही. मोबाईलवरून विचारणा करणाऱ्यांत खरे गिऱ्हाईकही असते. प्रत्येकाकडे संशयाने पाहिले तर बाजारच बंद पडेल. माणूस खरा की खोटा, याचा निवाडा दूरध्वनीवरून करता येत नाही, परंतु त्याची वागणूक खऱ्या गिऱ्हाइकासारखी आहे की नाही, हे पाहता येते.

खरे गिऱ्हाईक वस्तू पाहू इच्छिते. ते दोष विचारते, भाव पाडून मागते, दोन दिवसांनी येतो म्हणते. दात न पाहता बैल घेणारा माणूस बाजारात जसा विचित्र वाटेल, तसाच पैठणी न पाहता पूर्ण किंमत देणारा माणूसही विचित्र वाटला पाहिजे. दुसरी कसोटी घाईची. पैसे खात्यात दिसेपर्यंत थांबा, उद्या सकाळी बँकेत या, मुलगा घरी आल्यावर बोलू, असे म्हटल्यावर जो चिडतो, विनवतो किंवा धमकावतो, त्याला वेळ परवडत नाही असे समजावे. प्रामाणिक माणसाचे एका रात्रीच्या विलंबाने काही बिघडत नाही. तिसरी कसोटी पैशाच्या दिशेची. विकणाऱ्याने एक रुपयाही द्यावयाचा नसतो. तो नोंदणीचा असो, वाहतुकीचा असो वा पडताळणीचा असो. पैसे उलट्या दिशेने वाहू लागले की व्यवहार तेथेच थांबवावा.

या कसोट्या उतरल्यावर प्रत्यक्ष व्यवहाराची मांडणी करावी. भेट दिवसाउजेडी व वर्दळीच्या जागी ठेवावी. रक्कम मोठी असल्यास स्वतःच्या बँकेची शाखा ही उत्तम जागा होय, कारण तेथे नोटा तपासून मोजता येतात व त्याच वेळी खात्यात भरता येतात. सोबत एक जाणते माणूस असावे. रक्कम जमा झाल्याची खात्री संदेशावरून न करता स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये किंवा पासबुकात करावी. साध्या कागदावर का होईना, पण वस्तूचे वर्णन, किंमत, तारीख, दोघांच्या सह्या व साक्षीदार असलेली पावती करावी. तसेच आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात २ लाख रुपये वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही, याचेही भान ठेवावे.

पावतीचा आणखी एक उपयोग आहे. घेणाऱ्याने दिलेला पैसा दुसऱ्या कोणाला फसवून मिळविलेला असला, तर त्या माणसाच्या तक्रारीवरून विकणाऱ्याच्या खात्यातील रक्कम गोठविली जाऊ शकते. आपण वस्तू देऊन रास्त मोबदला घेतला, हे दाखविण्यास अशा वेळी पावती, जाहिरात व झालेले संभाषण हाच आधार असतो.

वस्तूनुसार घ्यावयाची दक्षता

सोन्याच्या बाबतीत विकण्यापूर्वी वजन व कस यांची खात्री हॉलमार्किंग केंद्रावर करून घ्यावी. दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असल्यास त्याची सत्यता भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर पाहता येते. घरातील दागिने अनोळखी माणसाला घरी बोलावून दाखवू नयेत.

वाहनाच्या बाबतीत किल्ली दिली म्हणजे काम संपले, असे नाही. प्रपत्र २९ व ३० भरून हस्तांतराची नोंद परिवहन कार्यालयात होईपर्यंत नोंदणीवर विकणाऱ्याचेच नाव राहते. अशा वाहनाचा अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केले आहे. वाहन चालवून पाहू देताना सोबत बसावे, किंवा तेवढा वेळ मूळ ओळखपत्र व घेणाऱ्याचे स्वतःचे वाहन तारण म्हणून ठेवून घ्यावे.

जुनी नाणी व नोटा यांच्या संदर्भात ग्रामीण भागात विशेष जागृतीची गरज आहे. देवघरातील एखाद्या नाण्याला लाखो रुपये मिळतील, अशा जाहिराती पसरविल्या जातात आणि मग कर किंवा कमिशन म्हणून विकणाऱ्याकडूनच पैसे मागितले जातात. आपण असे व्यवहार करीत नाही आणि कोणतेही शुल्क वा कमिशन मागत नाही, असा खुलासा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये केला आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू व पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते यांना पुरावस्तू व कलानिधी कायदा, १९७२ लागू होऊ शकतो. वेरूळ-अजिंठ्याच्या या परिसरात अशा वस्तू घराघरांत असू शकतात. त्या विकण्यापूर्वी पुरातत्त्व विभागाचा सल्ला घेणे श्रेयस्कर.

फसवणूक झाल्यास

फसवणूक झाल्यावर पहिला तास अत्यंत मोलाचा असतो. गेलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरविली जाते. ती वाटेत अडविता आली तरच परत मिळण्याची शक्यता राहते. यासाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक उपलब्ध असून राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवरही तक्रार करता येते. त्याच वेळी आपल्या बँकेस कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या निर्देशांत एक तत्त्व घालून दिले आहे. ग्राहकाच्या स्वतःच्या निष्काळजीपणाने नुकसान झाल्यास बँकेस कळवीपर्यंतचा भार ग्राहकावर पडतो, कळविल्यानंतरचा बँकेवर. म्हणून पहिली रक्कम गेली तरी दुसरी वाचविण्यासाठी त्वरित कळविणे हिताचे आहे.

फसवणुकीच्या गुन्ह्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (४) अन्वये सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसविल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ६६ड लागू होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी त्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. संदेश, क्रमांक व व्यवहाराचे तपशील पुसून न टाकता पुरावा म्हणून जपून ठेवावेत.

गावाची जबाबदारी

तक्रार न होण्याचे सर्वांत मोठे कारण कायद्याचे अज्ञान नसून लाज हे आहे. शिकलेला माणूस फसला हे घरी सांगावयास संकोच वाटतो आणि त्या संकोचात मोलाचे तास निघून जातात. घरातील मौल्यवान वस्तू हौसेने विकणारे थोडेच. बहुतेकांच्या मागे दवाखान्याचा खर्च, मुलांचे शुल्क किंवा पेरणीची निकड असते. अडलेला माणूस लवकर विश्वास ठेवतो, म्हणून त्याचे नुकसानही दुहेरी होते.

या बाबतीत शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व कर्मचारी यांना पुष्कळ करता येण्यासारखे आहे. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, हे एक वाक्य आणि १९३० हा एक क्रमांक शाळेच्या फळ्यावर व पंचायतीच्या सूचना फलकावर कायम लिहिलेला असावा. ग्रामसभेत या विषयास दहा मिनिटे द्यावीत. कोणास काही विकावयाचे असल्यास साक्षीदार म्हणून सोबत जाण्याची तयारी ठेवावी. आणि कोणी फसून आले तर, तुम्ही असे कसे केलेत, हा प्रश्न मागे ठेवून आधी दूरध्वनी लावून द्यावा.

आठवडी बाजारात अनोळखी माणसांचा व्यवहार सुखरूप होतो, कारण भोवती चार माणसे उभी असतात. मोबाईलच्या बाजारात विकणारा एकटा असतो. त्याच्याभोवती ती चार माणसे पुन्हा उभी करणे हे आपणा सर्वांचे काम आहे.